शेवटची जुडी

सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, वावरात पडलं की आमच्या ओसरीत दोरी लागते. दोन खांबांच्या मध्ये, माणसाच्या छातीच्या उंचीवर. ज्याची सोंगणी आधी उरकली त्यानं आपल्या वावरातली मूठभर झाडं आणायची, त्यांची जुडी करायची आणि दोरीला बांधायची. तो त्याचा नंबर. मागून येणारा त्याच्या मागे बांधतो. पहिल्या जुडीच्या वावरात आमचा हडंबा जातो. हडंबा म्हणजे सोयाबीन काढायची मशीन, ट्रॅक्टरला जोडून चालते ती. तिला मळणी यंत्र म्हणणारा माणूस आमच्या गावात निघाला तर तो बँकेतून आलेला असतो.

आणि आमची स्वतःची जुडी सगळ्यांच्या शेवटी. नवा माणूस आला की ती सोडायची, त्याला जागा करून द्यायची, आणि पुन्हा त्याच्या मागे बांधायची. हंगामभर ती एकटीच सरकत राहते. मशीनवाल्याचं सोयाबीन सगळ्यात शेवटी निघणार, हा बाबांचा कायदा. गावातली पोरं हसायची. "आचाऱ्याच्या घरी चूल थंडी," म्हणायची. बाबा म्हणायचे, "थंडी तं थंडी. चूल तं माही आहे ना."

यंदा दसरा झाला आणि उन्हानं डोकं काढलं. वाळलेल्या शेंगांचा तो खमंग, थोडा कडवट वास ओसरीत भरला. दोरीवरच्या जुड्या उन्हानं तापल्या की एखादी शेंग तट्कन फुटते आणि दाणा फरशीवर उडतो. तो आवाज ऐकला की मी जिथं असेन तिथं दहावीतली होते. मानेला कुटाराची, मशीनमधून उडणाऱ्या भुशाची, खाज सुटते. सोयाबीनचं कुटार ज्याच्या पाठीत एकदा शिरलं त्याला ते जन्मभर चावतं. माझ्या बाबतीत तर त्याबरोबर रागही शिरला, आणि खरं सांगायचं तर तो मी कधी झटकलाच नाही.

मालेगावपासून आत, म्हणजे आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावपासून, नाशिककडच्या नव्हे, आमचं गाव आहे. त्यात ख्रिस्ती घर एकच, आमचं. बाबांचं नाव शमुवेल. गावानं त्यांचं शामू केलं, आणि बाबांनी ते आनंदानं वापरलं. बाकी आमच्याबद्दल गावाचं मत फार चांगलं होतं. "किरिस्ताव लोक शांत. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." लहानपणी मला हे कौतुक वाटायचं. नंतर कळलं की गरीब गाईबद्दलही लोक असंच बोलतात. जोवर ती दूध देते आणि शिंग दाखवत नाही तोवर ती चांगली.

शिंग एकाच गोष्टीत दिसायचं, तेही दरवर्षी. हंगामाच्या पहिल्या दिवशी मशीनपुढे नारळ फोडायची गावाची रीत. शेतकरी म्हणायचा, शामूभाऊ, मशीन तुमची, फोडा. बाबा म्हणायचे, "नारळ तुमचा, भाव तुमचा, तुमीच फोडा. मी माह्या देवाशी बोलतो." मग ते चार पावलं बाजूला जायचे, डोक्यावरची टोपी काढायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. कोणाच्या नारळाला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही, आणि कोणाला खूश करायला हातात घेतलाही नाही. उन्हात चमकणारं त्यांचं ते टक्कल मला तेव्हा लाजिरवाणं वाटे. एक नारळ फोडला तर काय बिघडतं? माझ्या वयाला सगळंच क्षुल्लक वाटत होतं. क्षुल्लक गोष्टींतच माणूस मोडायला सुरुवात होते, हे सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तर तो हंगाम, मी दहावीत असतानाचा. दोरीवर पहिली जुडी शांतामायची होती. शांतामाय म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाड्यातली विधवा बाई. दोन एकर वावर, पोरगा मिलिंद शाळेत. तिनं स्वतः एकटीनं सोंगणी केली होती आणि सगळ्यांच्या आधी उरकली होती. दुसरी जुडी बाजीरावभाऊंची. वीस एकर सलग, गावातलं सगळ्यात मोठं सोयाबीन. मग इतर. मग आम्ही.

सकाळी आभाळ मळकट झालं. परतीचा पाऊस आमच्याकडे असाच येतो, पाहुण्यासारखा निरोप घेऊन जातो आणि विसरलेली चप्पल न्यायला परत येतो. मी शाळेत निघाले होते, दप्तर पाठीवर. बाबा ट्रॅक्टरच्या पट्ट्याला हात लावत होते. तेवढ्यात बाजीरावभाऊ ओसरीत आले. बोलले काहीच नाहीत. सरळ दोरीपाशी गेले, आपली जुडी सोडली आणि शांतामायच्या पुढे नेऊन बांधली. अगदी सहज. आपल्याच घरातली खुर्ची इकडून तिकडे करावी तशी.

"शामू, आभाळ पाह्यलं ना? मशीन माह्या वावरात घे."

बाबांनी हात पुसले. ओसरीवर चढले. जुडी सोडली आणि जिथं होती तिथं परत बांधली.

"भाऊ, तिचं दुपारपर्यंत निघते. दुपारी तुमच्या वावरात आलोच."

"अरे, तिचं दोन एकर, माहं वीस. पाऊस आला तं नुकसान कोणाचं जास्त? हिशोब कर."

"तुमचं वीसातलं जाईन भाऊ. तिचं दोन म्हंजे सगळंच."

बाजीरावभाऊ हसले. वाईट माणूस नव्हते ते. बाबांना सावलीत बसायला सांगणारे, आमच्या घरात आजार आला की आपली जीप पाठवणारे होते. म्हणूनच त्यांना हे नाही म्हणणं समजेना. ते म्हणाले, "तुमच्यात तं एका गालावर मारली की दुसरा पुढं करतेत ना? मंग आज काहून असा अडून राह्यला?"

दप्तराचा पट्टा माझ्या हातात होता, तो मी पिळत होते. बाबा काय बोलतात ते मला माहीत होतं. ते हसून मान खाली घालणार. नेहमी घालायचे.

"करतो ना भाऊ," बाबा म्हणाले. "माहा गाल माहा आहे, कवाबी घ्या. शांताबाईचा गाल मी कसा पुढं करू?"

ओसरीत शेंग फुटल्याचा आवाज झाला. बाजीरावभाऊंनी दोरीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि पायरी उतरून गेले. मी शाळेत गेले. त्या दिवशी गणिताच्या तासाला काय शिकवलं ते विचारू नका.

पाऊस दुपार कलल्यावर आला. शांतामायचं सोयाबीन पोत्यांत भरून घरात गेलं होतं. बाजीरावभाऊंच्या वावरात मशीन उभी राहिली, थोडं निघालं, आणि आभाळ फाटलं. त्यांची उरलेली गंजी भिजली. आमची तर पूर्णच. आईनं लुगडी, सतरंजी, जे हाताला लागलं ते गंजीवर घातलं, पण त्यानं पाऊस ऐकतो होय? चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी गंजीत हात घातला तर आत ऊब होती आणि शेंगांतून कोंब बाहेर आले होते. कोंब हिरवे, सुंदर असतात. इतकी सुंदर वस्तू इतकी वाईट असू शकते हे मी तेव्हा पाहिलं.

गावात बोललं गेलं. शामूनं नारळ फोडला नाही म्हणून पाऊस आला. हे ऐकून मी इतकी भडकले की आईनं माझा दंड धरून मला आत नेलं. अरे, नारळ फुटला होता! बाजीरावभाऊंनीच फोडला होता, त्यांच्या बांधावर, माझ्या बापाच्या देखत. पण गोष्टीला पाय फुटले की ती पुरावा मागायला थांबत नाही.

परक्यांचं एक वेळ समजू शकते मी. आपल्यांचं सांगते. मालेगावला आमचं छोटं पत्र्याचं मंदिर आहे, आजूबाजूच्या गावांतली पंधरावीस घरं तिथं उपासनेला जमतात. हंगाम संपला की उपकारस्तुतीचा रविवार असतो. ज्याच्या वावरात जे पिकलं त्यातलं चांगलं त्यानं वेदीपुढे आणून ठेवायचं. भोपळे असतात, तुरीची डहाळी, ज्वारीचं कणीस, एखादी कोंबडी पाय बांधून ठेवलेली, ती प्रार्थनेच्या मधेच बोलते. त्या वर्षी बाबांनी पांढऱ्या धुतलेल्या फडक्यात आमचं सोयाबीन नेलं. काळं पडलेलं, डागी, कुबट वास मारणारं. भोपळ्यांच्या रांगेत ते फडकं उघडून ठेवलं.

बाबांचे चुलतभाऊ सायमनकाका मंडळीचे पंच होते. ते पुढे आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "शमुवेल, काळं धान देवापुढं ठेवतेत का रे? चांगलं नाही दिसत. बाजारातून किलोभर आणायचं होतं."

"यंदा हेच पिकलं."

"पिकलं कुठं, तू सडवलं. गावात राह्यचं आहे आपल्याले. जरा परिस्थिती पाहून वागावं माणसानं. आपण मूठभर लोक."

बाबांचा आवाज दबका नव्हता. "पांढरं आणाचं असतं तं नंबर तोडा लागला असता दादा. तसं पांढरं देवापुढं ठेवू का?"

मंदिरात सगळ्यांनी ऐकलं. कोंबडीसुद्धा गप्प झाली. पाळकसाहेबांनी ते फडकं उचललं नाही आणि हलवलंही नाही, प्रार्थना सुरू केली. मी मात्र डोळे मिटले नाहीत. मी त्या काळ्या दाण्यांकडे पाहत होते. त्याआधी मला धर्म म्हणजे रविवारची इस्त्रीची कापडं वाटायची. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं की या घरात जन्मले ते बरं झालं. अजून वाटतं.

पुढच्या हंगामात दोरी अर्धी रिकामी राहिली. मोठ्या शेतकऱ्यांनी रिसोडहून मशीन बोलावली. आमचा हडंबा दोन-दोन, तीन-तीन एकरांच्या वावरांतून फिरला, डिझेल जास्त, काम कमी. बाबांनी तरी दोरी तेवढीच लांब लावली. आई म्हणाली, आखूड लावा, रिकामी दिसते. ते म्हणाले, दिसू दे. त्याच्या पुढच्या वर्षी एका सकाळी बाजीरावभाऊंच्या गड्यानं जुडी आणून बांधली, रांगेत जिथं आली तिथं. माफी नाही, बोलणं नाही. रिसोडची मशीन ऐन वेळी आली नव्हती, इतकंच. लोक अशा ठिकाणी मनं वितळल्याच्या गोष्टी सांगतात. आमच्याकडे मनं वितळली नाहीत, सोयाबीन तेवढं निघालं.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. भाऊ पुण्याला असतो. मशीन माझ्याकडे आली. ट्रॅक्टर माझा नवरा विजय चालवतो, दोरी मी सांभाळते. हार्वेस्टर आले, मोठमोठी वावरं एका दिवसात चाटून नेतात, पण जमीन ओली असली की ते रुततात आणि मग लोकांना आमची ओसरी आठवते. काही जण म्हणतात, करुणाताई, मोबाइलवर ग्रुप करा, नंबर टाका. मी नाही करत. मोबाइलवर खोडता येतं. दोरी येता-जाता गाव पाहतं.

आणि यंदा पुन्हा तसंच झालं. दोरीवर पहिली शांतामाय, दुसरा धनंजय. धनंजय म्हणजे बाजीरावभाऊंचा मुलगा. भाऊ आता नाहीत. काल ऊन होतं आणि आज सकाळी उठले तर आभाळाला तोच मळकट रंग. मी चहा टाकला आणि म्हटलं, येणार. तो आलाच. बापासारखा न बोलता आला नाही, तेवढा काळ बदलला. हात जोडले.

"ताई, यंदा हार्वेस्टर चिखलात जात नाही. वीस एकर पडलं आहे. तेवढा नंबर पुढं घ्या. शांतामायचं काय, दोन एकर."

पाहा. शब्दसुद्धा तेच. जमिनीबरोबर वाक्यंही वारसानं मिळतात की काय! माझ्या मानेला खाज सुटली.

"धनूभाऊ, दुपारी येते तुमच्या वावरात."

"दुपारी पाऊस आला तं?"

"मंग तुमचं अर्धं भिजन अन् माहं सगळं. ते पाहा, माही जुडी कुठं आहे."

त्यानं पाहिलं. दोरीच्या टोकाला. विजय मागून म्हणाला, "जाऊ दे न व, त्याचं खरंच जास्त आहे." विजयचं मन मऊ आहे, आणि मऊ मनाची माणसं नेहमी मोठ्या नुकसानीच्या बाजूनं झुकतात. मी दोरीच्या टोकाला आमच्या जुडीची गाठ घट्ट केली. गप्प राहून मी जास्त मोठ्यानं बोलते हे त्याला माहीत आहे.

धनंजय गेला नाही. पायरीवर बसून राहिला, हातात मोबाइल, नजर आभाळात. मला त्याची दया आली, हे कबूल करते. दया येते आणि तरी नाही म्हणावं लागतं, हेच तर अवघड. दुष्टाला नाही म्हणणं सोपं असतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. शांतामाय होती. गावात बातमी पोचायला आता फोनही लागत नाही, पण तिनं लावला.

"करुणे, धनू आला म्हंते तुह्याकडं. माहा नंबर त्याले दे."

मी उसळले. "माय, कोणी काही बोललं का तुले? कोणाले भ्यायचं काम नाही. मी आहे ना."

आणि ती हसली. दात नसलेल्या तोंडातून हसू येतं तेव्हा त्यात वाराच जास्त असतो. म्हणाली, "तू तुह्या बापाचीच. आयक. त्या वर्षी मशीन माह्या वावरात आली ना, तवा म्या त्याच्या हातापाया पडली. म्हटलं, शामूभाऊ, पहिले त्या बाजीरावाचं काढ. मले या गावात राह्यचं आहे. पोरगं लहान आहे. त्याचं वैर मले झेपत नाही."

 हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी मी शाळेत होते.

"मंग बाबा काय म्हणाले?"

"म्हणे, नंबर तुहा आहे. द्याचा अशीन तं हासत दे, आत्ताच मशीन वळवतो. भेऊन देशीन तं मी नेणार नाही. लय राग आला मले. माह्याच वावरात उभा राहून मलेच नाही म्हंतो! म्या रडत होती, अन् त्यानं मशीन चालू केली."

इतकी वर्षं मी समजत होते की बाबांनी एका गरीब बाईसाठी मोठ्या माणसाला नाही म्हटलं. बाबांनी तर तिलाही नाही म्हटलं होतं. तिच्या भीतीला. मोठ्या माणसापुढे ताठ उभं राहायला छाती लागते, ठीक आहे. पण जिच्यासाठी उभं राहायचं तीच पाय धरून म्हणते आहे की वाक, आणि तरी वाकायचं नाही, याला काय लागतं? घरी येऊन त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. काळं सोयाबीन फडक्यात बांधलं, तेव्हाही नाही.

"आता माह्याकडं ताडपत्री आहे," शांतामाय सांगत होती. "मिलिंदनं आणली, मोठी. माहं दोन एकर तिच्याखाली मावते. धनूचं मावत नाही. म्हणून देते. अन् हासून राह्यली ना मी? आयकू येते का तुले?"

"येते माय."

"तं मंग. पर असा नाही देत. माही जुडी म्या बांधली, म्याच सोडीन. गुडघे दुखतेत माहे. त्याले म्हण, गाडी घेऊन माह्या दारात ये, अन् मले बसवून ने. गावातून ने म्हणा. मागच्या रस्त्यानं नाही."

मी फोन ठेवला आणि धनंजयला निरोप सांगितला, शब्दाला शब्द. त्यानं मोबाइल खिशात घातला. मग उठला, मोटारसायकलला किक मारली आणि खालच्या अंगाला गेला.

थोड्या वेळानं ते आले. चावडीवरून, पाराजवळून, दुकानांच्या पुढून. बाजीरावभाऊंचा मुलगा हळूहळू गाडी चालवत होता, खड्डे चुकवत, आणि मागे एका बाजूला पाय सोडून शांतामाय बसली होती, एक हात त्याच्या खांद्यावर, डोक्यावर पदर. चहाच्या टपरीवरची माणसं उभी राहिली होती.  शांतामाय सांगत होती, "सावकाश बापू, म्हातारं माणूस आहे मागं."

पायऱ्या चढताना तिनं धनंजयचा हात धरला. दोरीपाशी आली. गाठ सोडायला तिला वेळ लागला, बोटं वाकडी झाली आहेत, पण मी पुढे झाले तर तिनं कोपरानं मला बाजूला केलं. स्वतःची जुडी सोडली. धनंजयची पुढे जाऊ दिली, आपली मागे बांधली. मग वळून त्याच्याकडे पाहिलं आणि हसली, तशीच, वाऱ्यानं भरलेली. तोही हसला. त्याला धड जमलं नाही, पण हसला.

त्याच्या बांधावर त्यानं नारळ फोडला. मी चार पावलं बाजूला गेले, डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटले. काय बोलले ते माझं आणि देवाचं. मग विजयला हात केला आणि हडंबा धडधडायला लागला, कुटाराचा लोट उठला आणि माझ्या मानेत शिरला.

घरी आले. ओसरीत दोरीच्या टोकाला आमची जुडी होती, सगळ्यांच्या मागे, जागच्या जागी. आभाळ गडगडलं. म्हटलं, गडगड. गाल माझा आहे.